डावा कोपरा

धानाची कापणी आटोपून भारे खळ्यावर गेले, की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आमच्या खेड्यांना मैदान मिळते. एरवी गावाभोवतीची सारी जमीन म्हणजे एक तर पाण्याने भरलेल्या बांध्या, नाही तर जंगल. मुलांनी खेळावे कोठे? मार्गशीर्ष-पौषात मात्र गावालगतची एखादी कोरडी बांधी निवडावयाची, तिच्यातील धसकटे कुदळीने उपटावयाची, ढेकळे फोडावयाची, बोडीतून पाणी आणून शिंपावयाचे आणि चुलीतल्या राखेने रेषा आखावयाच्या. दोन दिवसांत क्रीडांगण तयार! वडीलधारी माणसे या खेळाला अजून हुतूतू म्हणतात. मुले कबड्डी म्हणतात.

अशा क्रीडांगणावर शिक्षक या नात्याने मी कित्येक वर्षे शिटी घेऊन उभा राहिलो. संघ पाडण्याची वेळ आली म्हणजे दरवर्षी एकच प्रकार घडे. "मी चढाई करणार!" असे सात मुलांपैकी सहा जण एकदम ओरडत. सातवा ओरडत नसे, तो केवळ लाजाळू असे म्हणून. कोपऱ्यात उभे राहावयास कोणीच राजी नसे.

मुलांनो, हा खेळ तुम्ही खेळलेला आहे. पण खेळताना जे दिसत नाही, ते कधी काठावर बसून पाहिले आहे काय? पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मधोमध मध्यरेषा आणि तिच्या दोन्ही अंगांस सात-सात खेळाडू. एका बाजूचा गडी 'कबड्डी, कबड्डी' असा दम घेत पलीकडे शिरतो, कोणास तरी स्पर्श करून परत येऊ पाहतो. ही झाली चढाई. त्याला परत जाऊ न देणे ही पकड. चढाई करणारा एकटा असतो, म्हणून सर्वांचे डोळे त्याच्यावर खिळतात. पकड करणारे सात जण हातात हात गुंफून अर्धवर्तुळात उभे असतात आणि त्या अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना जे दोघे असतात, ते कोपरारक्षक.

त्यांतही डाव्या कोपऱ्याचे काम अवघड. चढाई करणाऱ्याचे तोंड आपल्याकडे असते. त्यामुळे त्याचा उजवा हात आणि उजवा पाय आपल्या डाव्या कोपऱ्यासमोर येतो. बहुतेकांचे उजवे अंगच अधिक चपळ असते, हे वेगळे सांगावयास नको. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदान रेषा असते. तिच्यापलीकडे गेल्याशिवाय चढाई पुरी होत नाही. तिच्याही पुढे एका मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात रक्षक असताना ही रेषा ओलांडली, तर कोणाला न शिवताही एक गुण मिळतो. हा गुण घेण्यासाठी चढाई करणारा आपला पाय लांबवर टाकतो आणि कोपऱ्यात उभा असलेला रक्षक नेमका त्याच पायाची वाट पाहत असतो.

किती वेळ वाट पाहावयाची? येथेच सारी विद्या आहे. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून उपयोग नाही. तोंड हुलकावणी देते. हातही हुलकावणी देतो. पाऊल अधांतरी असताना घोटा धरावयास जावे, तर ते निसटते. पण स्पर्श झालेला असतो, म्हणून रक्षकच बाद. पाऊल टेकून शरीराचा भार त्यावर आला, की पुढचा क्षणभरच ते पाऊल हलू शकत नाही. त्या क्षणी खाली झेपावून घोटा पकडावयाचा आणि बाकीचे गडी धावून येईपर्यंत सोडावयाचा नाही. तोवर चढाई करणारा आडवा पडून मध्यरेषेकडे हात लांबवीत असतो. त्याच्या बोटाचे टोक जरी रेषेला लागले, तरी त्याला धरणारे सगळेच्या सगळे बाद! कोपऱ्यातील गड्याची चूक त्याच्या एकट्यावर येत नाही. जे त्याच्या मदतीला धावले, त्यांनाही ती भोवते. म्हणूनच मुले कोपऱ्यात उभी राहावयास भीत असत, असे मला आता वाटते. तेव्हा मला ते केवळ त्यांचे हट्ट वाटत.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. तो आपण होऊन डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. पुढे पुढे मुले त्याला नावाने हाक मारीनाशी झाली. 'कोपरा' हेच त्याचे नाव पडले. अंगाने किरकोळ, बोलणे मोजके. धान निसवले, की तो वडिलांबरोबर रात्री जागलीला जात असे. जागल म्हणजे काय, हे शहरातील मुलांना सांगावे लागेल. आमच्याकडे जंगल शेताच्या धुऱ्याला येऊन भिडते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधीची नासाडी करतो. म्हणून मचाण बांधून, शेकोटी पेटवून शेतकरी रात्रभर पहारा करतात. एकदा मी त्याला विचारले, "तू इतका वेळ न हलता कसा उभा राहतोस रे?" तो म्हणाला, "गुरुजी, डुक्कर धुऱ्यावर असताना ओरडायचं नसते जी. तेव्हा ओरडलं तर ते वळते आणि दुसऱ्या कोपऱ्यातून शिरते. पुरतं आत येऊ द्यायचं."

१९९६ च्या हिवाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी शालेय सामने झाले. आमच्या शाळेने एक सामना तीन गुणांनी जिंकला. मी एक वही ठेवीत असे. तीत सामन्याची तारीख, प्रतिपक्ष, गुण आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याने चढाईत मिळविलेले गुण लिहीत असे. दुसऱ्या दिवशी मुले वहीभोवती जमली. ज्याच्या नावावर अकरा गुण होते, त्याने ती दोनदा वाचून दाखविली. गर्दी पांगल्यावर हा मुलगा पुढे आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, यात माझं नाव कोठं आहे जी?"

नाव होते, पण नावापुढे शून्य होते. पकडीसाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता. मी त्याला म्हणालो, "अरे, पकड साऱ्या संघाची असते." वाक्य खोटे नव्हते, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते. तो "होय जी" म्हणाला आणि क्रीडांगणावर पाणी शिंपावयास बादली घेऊन निघून गेला. मी रकाना आखला नाही. तशी आठवणही मला पुढे बरीच वर्षे राहिली नाही.

कबड्डीचे नियम बांधण्याचे काम प्रामुख्याने आपल्या महाराष्ट्रात झाले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांत हा खेळही होता. म्हणजे आपल्या विदर्भातून तो प्रथम युरोपात पोहोचला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश झाला आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत सातही वेळा पुरुषांचे सुवर्णपदक भारतानेच जिंकले. पण एवढे होऊनही या खेळावर कोणाचा संसार चालत नसे. फार तर एखाद्या बँकेत, पोलीस दलात वा तेल कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी मिळावयाची.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि चित्र पालटले. खेळाडूंचा लिलाव होऊ लागला, मातीऐवजी मॅट आली, सामने घरोघरी दिसू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियम बदलले. प्रत्येक चढाईस ३० सेकंदांची मर्यादा पडली. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, नाही तर चढाई करणारा बाद. पूर्वी तो मध्यरेषेजवळ रेंगाळून सुखरूप परतू शके. आता त्याला कोपऱ्याच्या आवाक्यात यावेच लागले. शिवाय क्रीडांगणात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असता त्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. तिला अव्वल पकड म्हणतात. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की नाही, हे कान देऊन ऐकणाऱ्या पंचाचे महत्त्व घड्याळामुळे कमी झाले, याची माझ्यासारख्या जुन्या माणसाला थोडी हळहळ वाटते. परंतु रक्षकाचे भले झाले, हे कबूल केले पाहिजे. कारण आता त्याच्या नावापुढे पकडीचे गुण लिहिले जाऊ लागले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पहिल्यांदा ते आकडे पाहिले, तेव्हा मला माझी वही आठवली.

अमेरिकेत फुटबॉल या नावाचा एक दांडगा खेळ आहे. त्यात चेंडू पायाने क्वचितच मारतात. तेथे चेंडू पुढे नेणारे अकरा जण वेगळे आणि त्यांना अडविणारे अकरा जण वेगळे. एका संघाची ही दोन पथके एकाच वेळी मैदानात उतरतही नाहीत. अडविणाऱ्यांतील एका जागेला तेथेही कोपऱ्यावरूनच नाव पडले आहे. केवळ अडविण्याच्या कामावर तेथे माणसाचे सारे आयुष्य उभे राहते. आपल्याकडे ही गोष्ट कबड्डीत शक्य झाली.

महाराष्ट्रातील ज्या रक्षकांनी हे दिवस पाहिले, त्यांत ठाणे जिल्ह्यातील गिरीश मारुती इर्नाक यांचे नाव मी मुद्दाम सांगतो. ते डाव्या कोपऱ्याचे खेळाडू, आणि घोट्याची पकड ही त्यांची ओळख. २०१७ च्या हंगामात ते पुणेरी पलटण या संघातून खेळले. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. रिशांक देवाडिगा कर्णधार असलेल्या महाराष्ट्राच्या संघाने अंतिम सामन्यात बलाढ्य सेनादलास ३४ विरुद्ध २९ गुणांनी नमविले आणि दीर्घ काळानंतर विजेतेपद राज्यात परत आणले. त्या संघाच्या बचावात इर्नाक होते. (या स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलाला विदर्भाकडून खेळावे लागते, हे तुम्ही ध्यानात ठेवा.)

त्याच वर्षाच्या मे महिन्यात लीगचा लिलाव झाला. एक कोटी किंवा त्याहून अधिक बोली लागलेले खेळाडू सहा निघाले. त्यांत निव्वळ रक्षक एकच होता, आणि तो भारतीय नव्हता. उत्तर इराणातील गोलेस्तान प्रांत कुस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील फजल अत्राचली या डाव्या कोपऱ्याच्या खेळाडूस मुंबईच्या यू मुंबा संघाने एक कोटी रुपये देऊन घेतले. लीगमध्ये एवढी रक्कम मिळविणारा तो पहिला खेळाडू. चढाई आणि पकड यांच्या मोलाची तुलना आणखी एका तऱ्हेने करता येते. प्रदीप नरवाल या विख्यात चढाईपटूने लीगमध्ये सुमारे १८०० गुण मिळविले. पकडीत सर्वांत पुढे असलेल्या अत्राचलीचे गुण पाचशेच्या वर आहेत. म्हणून एक दुसऱ्याच्या तिप्पट मोठा ठरतो काय? एका चढाईत तीन-चार गडी बाद करता येतात, पण एका पकडीचा गुण एकच, फार तर दोन. शिवाय चढाई करणारा पुन्हापुन्हा जाऊ शकतो. रक्षकाला संधी येईल तेव्हाच.

ऑगस्ट २०१८ मध्ये इंडोनेशियातील जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारताच्या बारा जणांत गिरीश इर्नाक होते. इराणच्या संघात अत्राचली. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे एकाहून एक चढाई करणारे आपल्याकडे असताना चिंता कसली, असे सर्वांनाच वाटत होते. प्राथमिक फेरीत दक्षिण कोरियाने २४ विरुद्ध २३ असा एका गुणाने आपला पराभव केला, तेव्हा प्रथम चुकचुकले. आणि २३ ऑगस्टला उपान्त्य सामन्यात इराणशी गाठ पडली.

तेव्हा मी सेवानिवृत्त होऊन गावीच राहत होतो. रोवणी आटोपली होती, पाऊस धरून होता. एका घरी दूरचित्रवाणीसमोर पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने बसली होती. आमचा जुना 'कोपरा' माझ्या शेजारी येऊन बसला. आता तो चाळिशीला टेकलेला शेतकरी. गुडघ्यापर्यंतचा चिखल नुकताच धुऊन आलेला. भारताचे चढाईपटू एकामागून एक धरले जाऊ लागले, तशी खोलीत चुळबुळ सुरू झाली. कोणी पंचांना दोष दिला, कोणी कर्णधाराला. हा मात्र पडद्याच्या एका कडेकडे टक लावून पाहत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या इराणवाल्याचे डोळे पाहा जी. तोंडाकडे एकदाही पाहत नाही. पाय येऊ देतो. पुरता येऊ देतो."

मी पाहू लागलो. खरे सांगावयाचे, तर इतकी वर्षे शिटी हाती असूनही सबंध सामना कोपऱ्याकडे पाहत मी कधी घालविला नव्हता. आमचे गडी पाय टाकीत होते. ते पाय अत्राचलीच्या परिचयाचे होते, कारण कित्येक हंगाम तो भारतातच, याच खेळाडूंबरोबर आणि याच खेळाडूंविरुद्ध खेळला होता. इराणने २७, भारताने १८. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच भारताचे सुवर्णपदक हुकले; संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. खोलीतील माणसे न बोलता उठली. तो उठला नाही. "आपल्या डाव्या कोपऱ्यालाही वाईट वाटत असेल जी," एवढेच म्हणाला.

त्यानंतर दीड महिन्याने, ७ ऑक्टोबर २०१८ रोजी, चेन्नई येथे लीगचा नवा हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी पुणे आणि मुंबई समोरासमोर आले. पुणेरी पलटणचे कर्णधार गिरीश इर्नाक, यू मुंबाचा कर्णधार फजल अत्राचली. महाराष्ट्राच्या दोन्ही संघांचे नेतृत्व एकाच वेळी डाव्या कोपऱ्याकडे! सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी बोलबाला झाला तो सिद्धार्थ देसाई या कोल्हापूरकडील नव्या चढाईपटूचा, आणि त्याचा खेळ तसा होताही. इर्नाक पुढे २०१९ मध्येही पुण्याकडून खेळले. मग २०२१-२२ मध्ये गुजरात आणि २०२२ मध्ये बंगालच्या संघात गेले. व्यावसायिक खेळाडूचे घर असे दर हंगामाला बदलू शकते. जागा तेवढी तीच, डावा कोपरा.

भारताने सुवर्णपदक परत मिळविले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, चीनमधील हांगचौ येथे, इराणलाच ३३ विरुद्ध २९ गुणांनी हरवून. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. दोघेही मुख्यतः चढाई करणारे. पकड करणारे सारे इतर राज्यांतून आलेले. हे वाचून आमच्या गावातील एक मुलगा मला म्हणाला, "म्हणजे आपल्याकडची जागा रिकामी आहे!" त्याला मी उत्तर दिले नाही, बोडीवरून पाणी आणावयास सांगितले, कारण क्रीडांगणाची धूळ उडत होती.

तो जकार्ताचा सामना संपल्यावर त्या संध्याकाळी मी घरी जाऊन ट्रंकेतून १९९६ ची वही काढली. पाने पिवळी पडली होती, पण शाई शाबूत होती. तारीख होती, प्रतिपक्षाचे नाव होते, अकरा गुण होते. कंदिलाच्या उजेडात (पावसामुळे वीज गेली होती) मी पट्टी घेऊन उजवीकडच्या समासात एक रकाना आखला आणि वर 'पकडी' असे लिहिले. आकडा मात्र लिहिता येईना. पाच पकडी केल्याचे मला पुसटसे स्मरत होते. परंतु स्मरणावर विसंबून वहीत लिहू नये, असे मीच आयुष्यभर मुलांना बजावीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी त्याच्या बांधीवर गेलो. तो पाण्यात उभा राहून धुरा बांधीत होता. मी म्हणालो, "तालुक्याच्या त्या सामन्यात तू पाच पकडी केल्या होत्यास, नाही का रे?"

त्याने फावडे खाली ठेवले, हात धुतले आणि वहीतील तो कोरा रकाना थोडा वेळ पाहिला.

"सहा जी," तो म्हणाला.